उजवीकडचं गाणं बादलीत

शून्यकाकांच्या घरात कपडे दोरीवर कमी आणि भट्टीसमोर जास्त वाळायचे. भट्टी म्हणजे त्यांचा अ‍ॅम्प्लिफायर. जुन्या रेडिओत असायचे तसल्या काचेच्या सोळा व्हॉल्व्हांचा, त्यांनी स्वतः बांधलेला, बसक्या कपाटाएवढा. तो चालू केला की अर्ध्या तासात माणूस बनियनवर यायचा. पाहुणा आला की आधी पाणी, मग पंखा, मग गाणं असा पाहुणचाराचा क्रम होता. त्यानंतर पाहुण्याने उठून जाणं आपोआपच व्हायचं.

काका जन्मभर एका इस्पितळातल्या लिफ्टा दुरुस्त करत आले. दोन मजल्यांच्या मध्ये लिफ्ट अडकली की हा माणूस हत्यारं काढण्याआधी दाराच्या फटीला तोंड लावून आतल्याशी गप्पा मारायचा. कुठले तुम्ही, घरी कोण कोण असतं, आज कुणाला बघायला आलात. अडकलेला माणूस घाबरायचं विसरून जायचा. एका आजोबांना तर लिफ्ट सुटल्यावर बाहेर यायचंच नव्हतं, गोष्ट अर्धी राहिली म्हणून. असा अनोळखी माणसाशी तासभर बोलणारा गडी डोक्यावरच्या मजल्यावर राहणाऱ्या सख्ख्या धाकट्या भावाशी एकोणीस वर्षं एक शब्द बोलला नव्हता.

भांडणाचं कारण विचाराल तर सांगायला लाज वाटेल असं होतं. त्यांचे वडील थिएटरात मशीन चालवायचे. थिएटर बंद पडलं तेव्हा मालकाने त्यांना पडद्याच्या दोन बाजूंच्या दोन स्पीकरपेट्या दिल्या. छातीपर्यंत उंच, सागवानी, आत जुन्या काळचे सोळा ओहमचे स्पीकर. तसले आता कुणी बनवत नाही. वडील गेल्यावर दोघा भावांनी घराची वाटणी केली ती इतकी चोख की सहा खुर्च्यांतल्या तीन-तीन झाल्या, आठ पायऱ्यांची शिडी करवतीने कापून चार-चार पायऱ्यांच्या दोन शिड्या झाल्या. आता त्या शिड्यांवरून कुणाचाच हात माळ्याला पोचत नाही. तशीच पेट्यांची जोडी फुटली. डावी खाली राहिली, उजवी वर गेली. पेट्यांपाशी आल्यावर दोघंही बराच वेळ उभे राहिले होते. समोरच्याने “राहू दे, दोन्ही तुलाच” असं म्हणावं अशी दोघांचीही अपेक्षा होती. कुणीच म्हणालं नाही. त्या दिवसापासून बोलणं बंद.

मग काकांनी अ‍ॅम्प्लिफायर बांधायला घेतला, आणि तोही बिनट्रान्सफॉर्मरचा. एरवी व्हॉल्व्ह आणि स्पीकर यांच्यामध्ये एक ट्रान्सफॉर्मर असतो. व्हॉल्व्हचं बोलणं स्पीकरला झेपेल असं करून देणं हे त्याचं काम. काकांना हा मधला माणूस सहन व्हायचा नाही. “दुभाष्या आला की मूळ बोलण्याचा जीव गेला,” ते सांगायचे. “माझ्याकडे व्हॉल्व्ह बोलतो आणि स्पीकर ऐकतो. मध्ये कोणी नाही.”

मधला काढला की दोन भानगडी होतात. एकट्या व्हॉल्व्हला स्पीकर हलवणं जमत नाही, म्हणून एका बाजूला आठ-आठ जण जुंपावे लागतात. आणि त्या आठांतला एखादा जरी रुसला, तरी गाण्यासोबत नको ती वीज थेट स्पीकरमध्ये शिरते आणि आतली केसाएवढी तार जळून जाते. अडवायला मध्ये कोणी नसतंच. म्हणून काका रोज सकाळी साडेसातला भट्टी पेटवायचे, ती तापेपर्यंत थांबायचे, आठच्या सुमारास तारेच्या टोकांना मीटर लावायचे, आणि बारीक पेचकसाने एक स्क्रू केसभर इकडे, केसभर तिकडे करत आकडा शून्यावर आणायचे. शून्य आलं की मगच पेटी जोडायची. “आलं शून्य,” असं ते इतक्या मोठ्याने जाहीर करायचे की गल्लीतल्या शाळकरी पोरांच्या आया त्यावर घड्याळं लावायच्या. शून्यकाका हे नाव तिथूनच पडलं.

पेटी एकच असूनही काकांनी अ‍ॅम्प्लिफायर दोन्ही बाजूंचा बांधला होता. “अर्धा अ‍ॅम्प्लिफायर बांधायला मी काय अर्धवट आहे?” उजव्या बाजूच्या तारा त्यांनी एका जाड रेझिस्टरला, म्हणजे वीज खाऊन नुसत्या तापणाऱ्या कांडीला, जोडल्या आणि तो तापू नये म्हणून पाण्याच्या बादलीत सोडला. म्हणजे एकोणीस वर्षं गाण्याची डावी बाजू पेटीतून वाजत होती आणि उजवी बादलीत बुडत होती. पाणी त्याने कोमट होतं असा काकांचा दावा होता. काकू त्या पाण्याने फरशी पुसायच्या आणि शेजारणीने विचारलं की सांगायच्या, “आज तंतुवाद्यांनी पुसलीय.”

काकू एका डोळ्यांच्या डॉक्टरांकडे रोग्यांच्या डोळ्यांत थेंब घालायचं काम करतात. ते डॉक्टर एकदा गाणं ऐकायला आले. घामाघूम होऊन पूर्ण गाणं ऐकलं आणि म्हणाले, “यातला व्हायोलिनचा तुकडा काय सुंदर आहे. आज ऐकू नाही आला.”

“यात व्हायोलिन नाही,” काका म्हणाले.

“अहो, आहे. मी लहानपणापासून ऐकतोय.”

“डॉक्टर, मी हे गाणं रोज ऐकतो.”

“आहे व्हायोलिन,” काकू आतून म्हणाल्या. “बादलीत आहे.”

मध्ये कोणी नको म्हणणाऱ्या या माणसाच्या घरात मधलं सगळं काम काकूंच्या गळ्यात होतं. काका म्हणायचे, “त्या दातपाड्याला सांग, मोटर चालू ठेवून घोरतोय. टाकी वाहतेय.” दातपाड्या म्हणजे धाकटा भाऊ. तो दातांच्या कवळ्या बनवायचा, पाडायचा एकही नाही, पण ते असो. काकू जिना चढून जायच्या आणि म्हणायच्या, “भाऊजी, टाकी भरलीशी वाटते.” वरून उत्तर यायचं, “खालच्यांना सांगा, कान भट्टीत भाजून घेतलेत तरी पाण्याचा आवाज बरा ऐकू येतो.” काकू खाली येऊन सांगायच्या, “बंद करतो म्हणाले.” चटका कमी करून निरोप पोचवायची ही कला त्यांना इतकी साधली होती की दोघा भावांना वाटायचं, दुसरा अलीकडे जरा नरमलाय.

एका सोमवारी काकू वरून निरोप घेऊन आल्या तो मात्र त्यांनी जसाच्या तसा दिला. धाकट्या भाऊजींची बायको जाऊन सहा वर्षं झाली होती. आता मुलगी त्यांना आपल्या गावी नेत होती. रविवारी ट्रक येणार होता. सगळं सामान जाणार.

“पेटीसुद्धा?” काकांनी विचारलं.

“सगळं म्हणजे सगळं.”

काकांनी हातातला पेचकस खाली ठेवला. उजवी पेटी वर होती तोवर ती घरातच होती. नसली वाजत, पण डोक्यावर होती. आता ती ट्रकात बसली की कायमची गेली. मग मेलो तरी गाणं अर्धंच.

“त्याला सांग, पेटी ठेवून जा म्हणावं.”

“नाही सांगणार.”

“का?”

“एकोणीस वर्षं तुमचं वर आणि त्यांचं खाली केलं. मोटर, कचरा, दिवाबत्ती, सगळं केलं. हे नाही. मागायचंय तुम्हाला, तोंडही तुमचंच लागेल.”

“एवढा एकच निरोप.”

“अहो, तो निरोप नाहीच. मागणं आहे ते,” काकू म्हणाल्या आणि दवाखान्यात निघून गेल्या.

मंगळवारी काका जिन्याच्या नऊ पायऱ्या चढून वळणावरच्या टप्प्यापर्यंत गेले. तिथे त्यांनी कठडा हलवून पाहिला, जणू तो हलतोय अशी कुणाची तक्रार आली होती, आणि खाली आले. बुधवारी भट्टीसमोर उभं राहून त्यांनी वाक्याची तालीम केली. “पेटी राहू दे” हे हुकमासारखं वाटत होतं, “पेटी ठेवतोस का” हे भीक मागितल्यासारखं. मधलं काही सापडेना. गुरुवारी त्यांनी दूधवाल्याला गाठलं.

“वर जातोच आहेस तर एवढं सांग,” ते म्हणाले.

दूधवाल्याने किटली दुसऱ्या हातात घेतली. “काकूंनी सांगून ठेवलंय, तुमचा निरोप घ्यायचा नाही. पेपरवाल्यालाही सांगितलंय.”

“आणि प्लंबरला?”

“त्याला तर पहिल्यांदा.”

शुक्रवार नुसताच गेला. शनिवारी दुपारी सामान बांधणारे दोघे आले. काका मागच्या अंगणात येऊन वरच्या खिडकीकडे बघत उभे राहिले. उन्हात, डोक्यावर ओला पंचा. खिडकीतून पेटीचा माथा दिसत होता. मग तो माथा तिरका झाला, आणखी तिरका झाला, आणि पेटी कुठल्या बाजूवर आडवी होतेय हे लक्षात येताच काकांच्या तोंडून वाक्य निघून गेलं. तालीम न केलेलं.

“तोंडावर पाडू नकोस रे तिला. कागद फाटेल आतल्या स्पीकरचा.”

बांधणारे थांबले. काकू मोरीत भांडी घासत होत्या, त्यांचाही हात थांबला. वरच्या खिडकीत धाकट्याचं डोकं आलं. एकोणीस वर्षांत केस पार गेले होते. दोघं एकाच जिन्याने ये-जा करत होते, पण वेळा सांभाळून.

“पाठीवर ठेवतोय,” धाकटा म्हणाला. “तोंड वरच आहे.”

“मग ठीक.”

धाकट्याने मागे वळून पेटीकडे पाहिलं. मग म्हणाला, “वाजते की नाही तेही ठाऊक नाही. इतकी वर्षं नुसती उभी आहे.”

“वाजेल. त्या मरत नाहीत.”

“बघायला हवं मात्र.”

“हवंच.”

“खाली नाही आणणार मी.”

“मी म्हटलं का खाली आण?”

अशा रीतीने ठरलं की पेटी वर राहील आणि तार खालून वर जाईल. काकांनी बादलीतला रेझिस्टर सोडवला, त्या जागी लांब दुहेरी तार जोडली, ती दारातून जिन्याने वर सोडली. सामान बांधणाऱ्यांना काकूंनी चहा दिला आणि बसवून ठेवलं. भट्टी तापत ठेवली. पेटी जोडण्याआधी शून्य बघायला हवं होतं. धाकट्याकडे वडिलांचं जुनं मीटर निघालं. वाटणीत मीटर त्याला आलं होतं आणि मीटरची पेटी काकांना. त्याने वरच्या टोकाला मीटर लावलं, काका खाली पेचकस घेऊन बसले, आणि जिन्यातून बोलणं सुरू झालं.

“किती?”

“मायनस साठ.”

“आता?”

“मायनस ऐंशी. उलटं फिरवतोयस.”

“उलटं नाही, व्हॉल्व्ह अजून तापतायत. आता?”

“चाळीस. वीस. हळू. लिफ्ट आहे का ती? हळू.”

“तू आकडा सांग, शिकवू नकोस.”

“मायनस पाच. शून्य. गेलं. प्लस दहा.”

“गेलं म्हणजे तू हात हलवलास.”

“माझा हात अर्ध्या मिलिमीटरच्या दातावर हलत नाही, तुझ्या तारेवर हलेल?”

हे पाऊण तास चाललं. गल्लीतल्या बायका दारात आल्या. शून्य असं दोघांनी मिळून एकदम जाहीर केलं तेव्हा दुपारचे चार वाजले होते, आणि समोरच्या म्हातारीने घड्याळाकडे बघून ते आठावर लावावं की काय असा विचार केला.

पेट्या जोडल्या. काकांनी तबकडीवर सुई ठेवली. एक गाणं खालच्या खोलीत आणि वरच्या खोलीत मिळून लागलं. दोघांपैकी कुणीही दुसऱ्याच्या घरात पाऊल टाकणार नव्हतं, म्हणून दोन्ही पेट्या नीट ऐकू येतील अशी जागा एकच उरली होती, जिन्याच्या वळणावरचा टप्पा. तिथे काकू बसल्या. ओले हात पदराला पुसत त्यांनी डोळे मिटले.

“कसं वाटतंय?” खालून विचारलं.

“गातेय, पण बाई सापडत नाही.”

“म्हणजे?” वरून.

“समोर उभी राहायला हवी ना ती. ही माझ्या मानेमागे कुठंतरी भटकतेय. दोन्ही कानांत काहीतरी आहे आणि मध्ये खड्डा.”

हे ऐकताच दोघा भावांना एकाच क्षणी रोग कळला. एका पेटीच्या तारा उलट्या लागल्या होत्या. एक पेटी पुढे ढकलते तेव्हा दुसरी मागे ओढते, आणि मधलं गाणं दोघींच्या भांडणात नाहीसं होतं. इलाज दोन मिनिटांचा. कुठल्याही एका पेटीच्या दोन तारांची अदलाबदल करायची.

काका म्हणाले, “सुई उचलतो. दोन मिनिटं.” पुन्हा गाणं लावलं.

“आता?”

“तशीच,” काकू म्हणाल्या. “अजून भटकतेय.”

पुन्हा सुई उचलली. पुन्हा दोन मिनिटं. पुन्हा गाणं.

“आधी बरं होतं की आता?” काकांनी विचारलं.

“आधीही नव्हतं, आताही नाही.”

तिसऱ्यांदा मात्र काकूंनी डोळे मिटले नाहीत. डोळ्यांच्या दवाखान्यात इतकी वर्षं काढलेली बाई. त्यांनी खाली पाहिलं तर काका पेटीमागून पँट झटकत उठत होते. वर पाहिलं तर भाऊजीही पेटीमागूनच उठत होते.

“तुम्ही काय केलंत आत्ता?” त्यांनी खाली विचारलं.

“तारा उलटवल्या.”

“आणि भाऊजी, तुम्ही?”

“मी पण.”

“मगाशी?”

दोघांनीही माना डोलावल्या.

“न सांगता? दोघांनी? तीनदा?” काकू टप्प्यावर पाय लांब करून बसल्या. “वाटणीच्या दिवशी हेच झालं असणार. मनातल्या मनात एकमेकांना देत बसला असाल. अहो, एकाने करा आणि एकाने करू नका. आणि कोण करणार नाही ते तोंडाने बोला. मी सांगायला येणार नाही.”

सामान बांधणाऱ्यांपैकी एकाने कप खाली ठेवला तो आवाज सगळ्यांना ऐकू आला.

“दादा,” वरून आवाज आला, “मी हात लावत नाही. तू कर.”

काकांनी तारा बदलल्या. सुई पुन्हा ठेवली. मग ते नऊ पायऱ्या चढून टप्प्यावर आले. वरून धाकटा उतरला. काकू सरकल्या. तिघं ओळीत बसले, आणि खालच्या व वरच्या मजल्यांच्या मध्ये, कठड्याच्या जरा पुढे, हवेत एक बाई येऊन उभी राहिली आणि गायला लागली. पहिलं कडवं संपलं तसं वरच्या बाजूने काहीतरी सरसरत खाली आलं. काका दचकले.

“हे काय?”

“व्हायोलिन,” काकू म्हणाल्या.

“हे नव्हतं यात.”

धाकटा म्हणाला, “मला वाटायचं गाणंच अर्धवट आहे. जमिनीतून जेवढं यायचं तेवढंच माहीत.”

गाणं संपलं. सुई तबकडीच्या शेवटी खरखरत राहिली तरी कुणी उठलं नाही. काका समोरच्या भिंतीकडे बघत म्हणाले, “पेटी ठेवून जा.”

“हे कोण म्हणतंय?”

“मी म्हणतोय.”

“वहिनींकडून निरोप नाही आला.”

“ती नाही म्हणाली.”

“बरं झालं. निरोप आला असता तर मी नकार ठरवून ठेवला होता. चांगला तयार होता नकार.” धाकट्याने टकलावरून हात फिरवला. “ठेवतो. पण खाली देणार नाही. खाली दिली की दार लावून एकटाच बनियनवर ऐकत बसशील. वरच राहू दे. ऐकायचं तर जिन्यात येऊन बसायचं. ही किल्ली, वहिनी.”

“मला नको,” काकू म्हणाल्या. “शेजारीच बसलेत, त्यांना द्या.”

किल्ली काकूंच्या नाकासमोरून एका हातातून दुसऱ्या हातात गेली.

रविवारी ट्रक गेला, एक पेटी आणि एक मीटर सोडून. आता जिन्याच्या त्या टप्प्यावर तीन खुर्च्या आहेत, वाटणीतल्या. वर जाणाऱ्या-येणाऱ्याला त्या ओलांडून जावं लागतं, पण काकांखेरीज वर जायला आहे कोण? गल्लीतली दोन-चार माणसं संध्याकाळी पायऱ्यांवर येऊन बसतात. भट्टी खाली, त्यामुळे आता घामही येत नाही. फरशी साध्या पाण्याने पुसली जाते आणि पूर्वीइतकी चमकत नाही असं काकूंचं म्हणणं आहे.

सकाळी आठचा कार्यक्रम मात्र वाढलाय. काका वर जातात, उजव्या तारेच्या टोकाला मीटर लावतात आणि काकूंचा मोबाइल मीटरकडे तोंड करून डब्याला टेकवून ठेवतात. त्यावर व्हिडिओ कॉल चालू असतो, म्हणून दूरच्या गावी बसलेल्या धाकट्याला मीटरचा काटा दिसतो. मग काका खाली येऊन घरच्या फोनवरून त्यालाच दुसरा फोन लावतात, फोन खांद्यात धरतात आणि पेचकस घेऊन बसतात. तिकडे धाकट्याच्या एका हातात एक फोन आणि एका कानाला दुसरा. तिकडून आकडा, इकडून स्क्रू. शून्य यायला अर्धा-पाऊण तास लागतो, कारण मध्येच जावयाच्या गुडघ्याचं निघतं, कधी कवळीच्या एखाद्या गिऱ्हाइकाचं.

एका सकाळी काकूंना दवाखान्यात जायला उशीर होत होता आणि मोबाइल वर अडकलेला. त्या दारात उभ्या राहून बघत होत्या. काकांच्या पायाशी त्यांचं स्वतःचं मीटर पडलं होतं.

“अहो, एक विचारू? तार तीच ना? जी वर जाते ती इथूनच निघते ना?”

“हो.”

“मग ते शून्य इथं खाली नाही का मोजता येत?”

काकांनी फोन खांद्यातून काढून छातीशी धरला. “येतं की.”

“तोच आकडा?”

“तोच. कमी नाही, जास्त नाही.”

“आणि भाऊजींना ठाऊक आहे हे?”

“त्याला न ठाऊक असायला काय झालं? बाबांनी आम्हा दोघांना एकाच दिवशी शिकवलंय.”

काकूंनी चपला पायात घातल्या. “माझा मोबाइल नऊपर्यंत मोकळा करा,” म्हणाल्या आणि निघाल्या.

काकांनी फोन पुन्हा कानाला लावला. “कुठं होतो आपण?”

“मायनस तीसवर,” तिकडून उत्तर आलं. “आणि उलटं फिरवू नकोस.”